सरांच्या नावाची पत्रं

"काका, ही ओळ मात्र काढायची नाही हं," कागदावर बोट ठेवून अनिका म्हणाली. "सगळं काम हीच लाइन करणारे."

राज्याच्या राजधानीत, लॅन्सिंगमधल्या त्या सरकारी इमारतीत, विधिमंडळाच्या समितीच्या खोलीबाहेर एक लांब बाक होतं. त्यावर दादाराव ढोके कोटाची सगळी बटणं लावून ताठ बसले होते. सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात सरकारी दारांबाहेरची बाकं त्यांनी पुष्कळ झिजवली होती, पण सरकार त्यांचं ऐकून घ्यायला बसणार होतं ते आज पहिल्यांदाच. ऐकून घेण्याची मुदत दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत वाचायचं पान अनिकाने टाइप करून आणलं होतं. तिने दाखवलेली ओळ दादारावांनी पुन्हा एकदा वाचली. सरकारची पत्रं वसुधा खोब्रागडे नावाच्या एका वृद्ध विधवेच्या घरी जात राहिली आणि ती काय आहेत हे तिला कळलंच नाही, असं त्या ओळीत होतं. बिचारी हा शब्द कुठे नव्हता, पण सूर तोच होता.

"पण ताईंना इंग्रजी येते ना," दादाराव खालच्या आवाजात म्हणाले.

"येतं, आय नो. पण लीगल लेटर्स कुणाला कळतात, काका? मला लॉ स्कूलच्या आधी नव्हती कळत. इट्स नॉट अ लाय. समितीतल्या लोकांना एक चेहरा लागतो. कुणाची तरी आई, कुणाची तरी आजी. नुसत्या कायद्यावर कुणी हलत नाही."

अनिका वकील. जन्म इथल्याच ट्रॉय गावचा, वय एकतीस, मराठी घरातल्या घरात शिकलेली. लहानसहान संस्थांना फुकट कायदेशीर मदत करणाऱ्या एका ऑफिसात ती काम करत होती. कुणाची शिवणकाम शिकवणारी बायकांची मंडळी, कुणाचं चर्चच्या तळघरातलं धान्यवाटप, कुणाची पोरांची कुस्तीची तालीम. अशा संस्थांपाशी माणसं असतात, उमेद असते, फक्त फॉर्म वेळेवर भरणारा कुणी नसतो. त्यांच्यासाठी तिच्या ऑफिसने दोन वर्षं खपून एक विधेयक इथवर आणलं होतं. एखाद्या संस्थेचं वार्षिक विवरण आलं नाही, तर तिची नोंदणी रद्द करण्याआधी सरकारने एकाच पत्त्यावर पत्र पाठवून मोकळं होऊ नये, निदान तिघांना कळवावं, आणि वर एक वर्षाची सवलत द्यावी, एवढंच त्यात मागणं होतं. हा कायदा झाला तरी दादारावांच्या संस्थेला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तिचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तेवढ्यात वसुधाताई कॉरिडॉरमधून येताना दिसल्या. पांढरी साडी, वरून मुलाचा जुना जाड कोट, पायात बूट. बहात्तर वर्षांच्या ताईंना आज कुणी बोलावलं नव्हतं. "सरांच्या नावाचा विषय आहे, मी येणार," एवढं फोनवर सांगून त्या सकाळी दारात तयार उभ्या होत्या.

"बघू, काय लिहिलंय," म्हणून त्यांनी हात पुढे केला.

दादारावांनी पान दिलं. न देऊन करतात काय? ताईंनी चष्मा लावला आणि सगळं पान सावकाश वाचलं. ट्रॉयजवळच्या सार्वजनिक वाचनालयात त्यांनी एकोणीस वर्षं काढली होती. परत आलेलं प्रत्येक पुस्तक त्यांच्या हाताखालून जायचं आणि त्यातली निम्मी तरी त्या घरी नेऊन वाचायच्या. पान संपलं. त्यांनी ते दादारावांच्या हातात परत दिलं.

"इंग्रजी छान आहे," त्या अनिकाला म्हणाल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या.

अनिकाला ते कौतुक वाटलं. ते कौतुक नाही, हे दादारावांना मात्र कळलं.

राजाराम खोब्रागडे म्हणजे ताईंचे यजमान, सगळ्यांचे सर. मोटारींच्या मोठ्या कंपनीत इंजिनियर होते. चौऱ्याण्णव साली नागपूरहून डिप्लोमा घेऊन आलेल्या दादारावांना त्यांनी आठ महिने आपल्या घराच्या बेसमेंटमध्ये ठेवून घेतलं आणि सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात चिकटवून दिलं. भागांची मापं तपासायची, केसाएवढा फरक दिसला तरी भाग बाजूला काढायचा, हे काम दादारावांनी तीस वर्षं केलं. त्यांनी पास केलेला माल कधी परत आला नाही. पुढे सरांनी मैत्री बुद्ध विहार ही संस्था काढली तेव्हा सेक्रेटरी कोण, हा प्रश्नच कुणाला पडला नाही.

विहार भरायचं ते दातांच्या एका डॉक्टरच्या जुन्या दवाखान्यात, भाड्याने. जिथे एकेकाळी लोक आ करून बसत तिथे पोरं पाली गाथा पाठ करत. एक्स-रेच्या खोलीत पुस्तकं होती. दर चार फुटांवर भिंतीत नळ होता आणि त्यातला एखादा हमखास गळायचा. चौदा एप्रिलला आणि विजयादशमीला उभं राहायला जागा नसे. रविवारी वंदना वसुधाताई सांगायच्या. त्यांनी त्रिशरण सुरू केलं की दंगा करणारी पोरंसुद्धा आपोआप मांडी घालायची. आवाज गोड होता असं नाही, पण त्यात एक वजन होतं.

सर एक गोष्ट नेहमी सांगत. "दादाराव, आपल्या माणसांची नावं पिढ्यान्‌पिढ्या कुठल्या कागदावर नव्हती. होती तिथं शिवीसारखी होती. तोंडी मान आज आहे, उद्या नाही. नाव कागदावर पाहिजे." म्हणून संस्था नोंदवताना, सरकारची पत्रं कुणाच्या नावे आणि कुठल्या पत्त्यावर यायची त्या रकान्यात सरांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. दरवर्षी वार्षिक विवरणाचा फॉर्म त्यांच्या घरी यायचा, ते तो रविवारी विहारात घेऊन यायचे आणि दादाराव खाली सही करायचे. वीस वर्षं हाच शिरस्ता चालला.

मग सर गेले. शोकसभेत सगळे रडले आणि एकमुखाने ठराव झाला की सरांचं नाव संस्थेच्या कुठल्याही कागदावरून कधीही काढलं जाणार नाही. ठराव सुचवला दादारावांनी आणि लिहूनही त्यांनीच घेतला, आपल्या त्या छापल्यासारख्या अक्षरात. माणसं भावनेच्या भरात फुलं वाहतात, पुतळे उभारतात, त्यात कुणाचं काही बिघडत नाही. इथे मात्र एका मेलेल्या माणसाला सरकारी पत्रं घ्यायच्या कामावर ठेवून सगळे घरी गेले. कुणाच्या ते डोक्यातसुद्धा आलं नाही.

कुणाच्याच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. दोन महिन्यांनी वसुधाताईंचा फोन आला होता.

"दादाराव, सरांच्या नावानं स्टेटचं पत्र आलंय. संस्थेचं दिसतंय. तुम्हाला ते नाव बदलावं लागेल, नाहीतर घोटाळा होईल."

"येतो ताई. ठेवा तुम्ही. मी येऊन घेतो."

ते गेले नाहीत. एकदा निघाले होते, गाडी ताईंच्या गल्लीपर्यंत नेलीही होती. सरांच्या फोटोसमोर बसायचं, सरांच्या नावाचं पाकीट फोडायचं, त्यांच्या नावावर काट मारायची आणि तिथे दादाराव ढोके असं लिहायचं. ज्यांच्या बेसमेंटमध्ये आठ महिने काढले त्यांच्या जागेवर. हात धजेना. गाडी वळवून ते घरी आले. वर्षभराने ताईंचा पुन्हा फोन आला, पुन्हा पत्र आलं होतं. दादाराव पुन्हा म्हणाले, "येतो."

पुढे दवाखान्याच्या म्हाताऱ्या मालकाने जागा विकायची ठरवली आणि पहिला हक्क विहाराला दिला. सगळी मंडळी हरखून गेली. करार झाला, पेढे वाटले गेले. मग कागदपत्रं तपासणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. ज्या संस्थेने करारावर सही केली होती ती सही करतानाच अस्तित्वात नव्हती. दोन वर्षं विवरण न आल्यामुळे सरकारने ती केव्हाच विसर्जित करून टाकली होती. अनिकाच्या ऑफिसने धावपळ करून नोंदणी परत मिळवून दिली, पण त्यात चार महिने गेले. तोवर मालकाच्या मुलांनी जागा दुसऱ्याला विकली होती. आता तिथे कुत्र्यामांजरांना आंघोळ घालतात. नळ बरे कामाला आले, असं दादारावांची बायको सुजाता एकदा म्हणाली आणि स्वतःच रडली. बुद्धमूर्ती तेव्हापासून ढोक्यांच्या गॅरेजमध्ये पांढऱ्या चादरीत गुंडाळून ठेवली आहे.

खरं दुखणं त्याच्या पुढचंच. मंडळी आता रविवारी एका शाळेच्या कॅफेटेरियात जमायची. तिथेच सर्वसाधारण सभा भरली, तेव्हा सॉफ्टवेअरमधला रवी तावातावाने उभा राहिला. "सॉरी टू से, पण पत्रं काकूंच्या घरी दोन वर्षं पडून होती यार! एक फोन केला असता तर आज विहार आपलं असतं!" वसुधाताई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी दादारावांकडे पाहिलं. दादाराव सभेचं इतिवृत्त लिहीत होते. ते मूग गिळून बसले, इतकंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. त्यांनी रवीचं वाक्य इतिवृत्तात उतरवून घेतलं. जसंच्या तसं, स्वच्छ अक्षरात.

खापर ताईंच्या डोक्यावर फुटलं. तोंडावर त्यांना कुणीच काही बोललं नाही. आपल्या लोकांत तशी पद्धत नाही. फक्त पुढच्या रविवारी वंदना दुसऱ्याच कुणी सांगितली, त्याच्या पुढच्या रविवारीही. ताई येत राहिल्या, मागच्या रांगेत बसून सगळ्यांबरोबर ओठ हलवत राहिल्या. खुलासा त्यांनी एका शब्दाने केला नाही. दादारावांना दीड वर्ष नीट झोप नव्हती.

"ढोके?" समितीच्या कारकुनाने दारातून पुकारा केला. त्याच्या तोंडी ते डोकी झालं.

खोली वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली. समोर अर्धगोलात सात सभासद बसले होते. त्यातले दोघे फोनमध्ये मान घालून होते. अध्यक्षबाईंनी हसून मान डोलवली. टेबलावर एक छोटा दिवा होता. हिरवा असेपर्यंत बोलायचं, लाल झाला की थांबायचं. मागे खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत अनिका आणि तिच्या शेजारी वसुधाताई होत्या.

दादारावांनी पान टेबलावर ठेवलं आणि चष्मा पुसला. अनिकाची ती ओळ वरून पाचवी होती. ती वाचली तर समितीला चेहरा मिळणार होता, कदाचित कायदा होणार होता, कुणा चर्चचं, कुणा तालमीचं पुढे भलं होणार होतं. आणि वसुधाताईंचं नाव राज्याच्या दप्तरात कायमचं लागणार होतं, पत्र न समजलेली बाई म्हणून. कागदावर नाव पाहिजे, असं सर म्हणायचे. त्या म्हणण्याचं हे फळ!

चार ओळी वाचून ते थांबले. मग त्यांनी पान उलटं करून ठेवलं.

"मॅडम, पुढं जे लिहिलं आहे ते खरं नाही," ते आपल्या अडखळत्या इंग्रजीत म्हणाले. "लिहिणाऱ्या मुलीचा दोष नाही. मी तिला अर्धंच सांगितलं होतं. पत्रं मिसेस वसुधा खोब्रागडे यांच्या घरी आली. त्यांनी वाचली. त्यांना समजली. त्यांनी मला फोन करून सांगितलं की नाव बदला. मी सेक्रेटरी आहे. मी गेलो नाही. आमच्या संस्थापकांचं नाव मला खोडवेना. नंतर सगळ्यांनी बाईंना दोष दिला, तेव्हाही मी गप्प बसलो. एवढं रेकॉर्डवर घ्यावं, ही विनंती आहे."

दिवा अजून हिरवाच होता. फोनमध्ये पाहणाऱ्या दोघांपैकी एकाने मान वर केली. पांढऱ्या केसांचे सभ्य गृहस्थ होते.

"आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार, सर," ते म्हणाले. "फक्त एक विचारतो. म्हणजे सरकारची पत्रं पोचली होती?"

"हो, सर."

"आणि वेळेत पोचली होती?"

"हो."

"मग आहे त्या कायद्याने आपलं काम चोख केलं, असंच म्हणावं लागेल. नाही का?"

दादारावांनी तोंड उघडलं. काहीतरी उत्तर होतं, नक्की होतं, पण ते इंग्रजीतही येईना आणि मराठीतही. दिवा लाल झाला. अध्यक्षबाईंनी आभार मानले. विधेयक अधिक अभ्यासासाठी राखून ठेवत असल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि पुढचा विषय पुकारला.

उत्तर सापडलं ते दाराशी पोचल्यावर. एका माणसाचा हात धजला नाही, साहेब, आणि एकशे वीस घरांचं विहार गेलं, हेच तर कायद्याने थांबवायला पाहिजे. इतकं साधं होतं. त्यांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या खुर्चीवर बोटींच्या परवान्याबद्दल बोलणारा माणूस बसला होता.

बाहेर अनिका कागद बॅगेत कोंबत होती. तिने वर पाहिलं नाही.

"मला आधी का नाही सांगितलंत, काका? फ्लिंटच्या चर्चमधल्या एक बाई तयार होत्या यायला. मी त्यांना नको म्हटलं. तुमची स्टोरी स्ट्राँगर आहे म्हटलं."

"चुकलं, बेटा."

"अभ्यासासाठी म्हणजे काय, माहितीये? म्हणजे डेड. या सेशनला तरी डेड." मग ती वसुधाताईंसमोर गेली आणि एकदम बारीक तोंड करून म्हणाली, "काकू, आय ॲम सॉरी. त्या लाइनबद्दल. मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं," वसुधाताई म्हणाल्या. मग त्यांनी तिच्या कोटाची वळलेली कॉलर सरळ केली. "पुढच्या सेशनला पुन्हा आण. त्या चर्चच्या बाईंना घेऊन."

परतीच्या रस्त्याला दुतर्फा काळवंडलेला बर्फ साचला होता. ताई पुढच्या सीटवर बसल्या होत्या, पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरून. आपण दोन्हीकडून नुकसान करून बसलो, हे दादारावांना लख्ख कळत होतं. विहार आपल्यामुळे गेलं, आता कायदाही आपल्यामुळेच गेला. तरी छातीवरचा दगड तेवढा हलला होता, आणि तो हलला याचीच त्यांना लाज वाटत होती.

"याचा व्हिडिओ असतो ना?" ताईंनी विचारलं.

"असते. वेबसाइटवर येईल संध्याकाळपर्यंत."

"मग ग्रुपवर टाका. नको असं मी म्हणणार नाही."

"टाकतो ताई. आणि इतिवृत्तातही दुरुस्ती करतो. पुढच्या सभेत स्वतः उभा राहून सांगतो सगळ्यांना."

"सांगा." त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन वेळा फोन केला होता मी."

दादारावांना हो म्हणून सोडून देता आलं असतं. पण आजचा दिवसच तसा उगवला होता.

"तीन वेळा," ते म्हणाले. "दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये एकदा आला होता. दुपारचा. तुमचं नाव दिसलं, वाटलं पत्रासाठीच असणार. फोन हातात धरून बसलो, वाजायचा थांबेपर्यंत. उचलला नाही. तेवढं तिथं सांगायचं राहिलं."

वायपर काचेवरून दोनदा गेले.

"तो पत्रासाठी नव्हता," त्या म्हणाल्या. "बेसमेंटच्या जिन्यावरून पडले होते मी. मुलगा तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, क्युपर्टिनोला, त्याला काय सांगणार. तुमचं घर दहा मिनिटांवर, म्हणून तुम्हाला लावला."

दादारावांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"मग? मग कोण आलं, ताई?"

"कोणी नाही."

"मग?"

"मग काय? बसले थोडा वेळ तिथेच. नंतर कठड्याला धरून उठले." त्यांनी पर्समधून हातमोजे काढले आणि एकेक बोट नीट बसवत चढवले. "उजवीकडे घ्या आता. आपला एक्झिट आला."